माझ्या हातात बॅटरी देणाऱ्या मिस्त्री मामांना

मिस्त्री मामा,

पत्र लिहायला बसलं की आम्हा शिक्षकांचा हात आपोआप ‘स. न. वि. वि.’कडे जातो. तुम्ही म्हणाल, पंचायत समितीचा कागद आला की काय. म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. विचारलं तेव्हा तुम्हीच हात जोडलेत, “नाव नको बाई. आत्ताच दारात आठ गाड्या हाईत आणि हाताखाली पोरं दोन.” तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक मिस्त्री, एवढ्यावर थांबते.

तुमच्या मदतीनं जुनी गाडी घेऊन पाच महिने झाले. आभार तेव्हाच मानले होते, तोंडी, घाईघाईत. पण गेल्या रविवारी रंकाळ्यावर ती पांढरी गाडी दिसली. आधी टोकन देऊन मी सोडलेली, तीच. नंबर मला पाठ आहे, एकवीस हजार रुपये मोजून पाठ केलाय. कुणीतरी घेतली. मागच्या काचेवर नवं स्टिकर, आणि मागच्या सीटवर एक लहान मुलगी भेळ खात बसलेली. मी जाऊन काचेवर टकटक करायला हवी होती का? काय सांगणार होते? पैसे देऊन झालेले, नावावर झालेली. मी तशीच घरी आले आणि हे लिहायला घेतलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी गगनबावडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, राहते कोल्हापुरात. अंतर साधारण ५५ किलोमीटर. नऊ वर्षं एसटीनं गेले. पावसाळ्यात मांडुकली, लोंघे, किरव्याला रस्त्यावर पाणी आलं की वाट बंद, आणि पाणी नसेल त्या दिवशी धुकं. त्यात आईचे गुडघे. रिक्षात चढताना त्रास, खालच्या बुडाच्या गाडीतून उठताना त्याहून जास्त. म्हणून ठरवलं, चार मीटरच्या आतली उंच गाडी घ्यायची. नवी झेपत नाही, तर जुनी, त्यातही खालचं मॉडेल, आणि मग दरवर्षी पगारवाढ झाली की एकेक गोष्ट बसवत तिला टॉप मॉडेल करायची. माझ्याकडे वही होती. पहिल्या वर्षी टचस्क्रीन आणि मागचा कॅमेरा. मग अलॉयची चाकं. मग पुढं लोखंडी गार्ड, टपावर एलईडीची लांब पट्टी, आणि शेवटी, हसू नका, सनरूफ.

पहिल्या तीन ठिकाणी मी ही वही घेऊन गेले. सोबत धाकटा भाऊ होता, आईच्या आग्रहानं. त्याला गाडी चालवता येत नाही. लायसन्सच नाही. तरी तिन्ही ठिकाणी सगळं त्यालाच सांगत होते. मायलेज त्याला, इंजिन त्याला. मला एकानं रंग दाखवला, दुसऱ्यानं सन व्हायझरमधला आरसा. “मॅडम, मेकअपला सोयीचं पडतं.” पैसे माझे, लायसन्स माझं, घाट मी चढणार, आणि माझ्या वाट्याला आरसा! तो बिचारा प्रत्येक वेळी “दीदीला विचारा” म्हणायचा आणि ते “हो हो” म्हणून परत त्याच्याकडेच वळायचे.

पांढरी गाडी चौथ्या ठिकाणी मिळाली. काचेचं मोठं दुकान, आत एसी, हातात रंगीत तपासणीचा कागद, त्यावर सगळीकडे हिरव्या खुणा. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, आत मोगऱ्याचा घमघमाट. वहीतल्या प्रत्येक गोष्टीला तिथला माणूस “होऊन जाईल मॅडम” म्हणाला. सनरूफलासुद्धा! मी एकवीस हजार टोकन दिलं. तुमच्याकडे आले ती शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर शंका म्हणून नव्हे. गाडी चांगली आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठी. दुकानातला एक मुलगा गाडीसोबत आला होता, तो बाहेर फोनवर बोलत उभा राहिला.

तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत. भावाकडे बघून विचारलंत, “चालवणार कोण?” त्यानं माझ्याकडे बोट केलं. तुम्ही आत गेलात, ती लाल मुठीची उजेडाची बॅटरी घेऊन आलात आणि माझ्या हातात दिलीत. “मग तुम्हीच बघा की बाई. मी सांगतो कुठं बघायचं ते.”

मामा, तुम्हाला हे आठवतही नसेल. हात ऑईलचे होते म्हणून दिली असेल, कोण जाणे. पण महिनाभर जो तो मला गाडी ‘दाखवत’ होता आणि पहिल्यांदा कुणीतरी मला ती ‘बघ’ म्हणालं. मी गुडघे टेकून बसले. “बेल्ट वढा. अजून. पार शेवटपतोर.” मी ओढला. ज्या भागाला कुणाचा हात लागत नाही तिथं, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर, एक आडवी पिवळसर रेघ होती. “आता सीटच्या रुळावर उजेड मारा.” रुळाच्या स्क्रूंवर गंज. नव्या मॅटखाली, गालिच्याच्या कोपऱ्यात, बोटाला बारीक माती लागली. कोरडी, पिठासारखी. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. उभे होतात, कंबरेवर हात ठेवून, फळ्यावर गणित करणाऱ्या पोराकडे मी बघत उभी असते तसे.

ती माती काय आहे हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये ती आपण सगळ्यांनी घराघरांतून खरवडली आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोक्याची पातळी, आणि २०२१ ला पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली. व्हीनस कॉर्नरला गाड्यांची टपं तेवढी दिसत होती. त्या गाड्या पुढं कुठं गेल्या असतील हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मीच म्हणाले, “पुरातली आहे.” तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. आज पळते ती उद्याही पळेल म्हणालात, पण कंप्युटर, वायरिंगचे सॉकेट, सीटखालून गेलेल्या एअरबॅगच्या वायरी आतून हळूहळू हिरव्या पडतात. दोन वर्षांनी एखाद्या पावसात घाटात बंद पडेल, नाहीतर नको तेव्हा एअरबॅग उघडणारच नाही. “आणि वास एवढा का मारलाय, ते इचारा त्यास्नी.”

विचारलं. आधी “आम्हाला गाडी अशीच आली”, मग “तपासणी कंपनीची आहे”, मग “टोकन परत होत नाही, पावतीवर लिहिलंय”. एकवीस हजारांतले नऊ हजार परत मिळाले, तेही भावाच्या खात्यात. माझ्या नव्हे! असो. त्या दुकानाला मी इथं नावानं ओळखत नाही, पण त्यांच्या मोगऱ्याला जन्मभर ओळखीन. आईनं देवासाठी गजरा आणला तरी हल्ली माझं नाक आपोआप फुलतं.

त्या दिवशी तुम्ही वही मागून घेतलीत. कानामागची पेन्सिल काढून माझ्या यादीवर खुणा करायला लागलात. “बदलता येतं ते मागनं बघू. बदलता येत न्हाई ते आधी बघायचं.” म्हणजे टचस्क्रीन, कॅमेरा, सीट, स्पीकर, चाकं ही सगळी बाजारात मिळतात, आज ना उद्या बसतात. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारं), एअरबॅग, सांगाड्याचा मूळ पत्रा, घाटात ओढणारं इंजिन ही जशी कारखान्यातून येतात तशीच. मी नेमकं उलटं करत होते. जे नंतर मिळणार होतं त्याची वही भरली होती आणि जे कधीच मिळणार नव्हतं त्याला पानच नव्हतं.

सनरूफवर तुम्ही काट मारलीत ती कागद फाटेपर्यंत. “घराचं आढं कापून खिडकी करतं का कोण?” लोखंडी गार्डावर दुसरी काट. ते तर सरकारनंच २०१७ च्या डिसेंबरात बंद करायला सांगितलंय, आणि वर पुढची धडक गार्ड थेट चेसीला, म्हणजे सांगाड्याला देतो, बंपरला चेपायची संधीच मिळत नाही. टपावरच्या एलईडी पट्टीपाशी मी थोडी भांडले, कारण धुकं. त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मी पुढच्या आठवड्यात सातवीच्या विज्ञानाच्या तासाला जसंच्या तसं वापरलं. उजेड वरून सोडला की धुकंच पांढरं होऊन डोळ्यांवर येतं. फॉगलॅम्प बंपरात खाली असतो तो धुक्याच्या पोटाखालून रस्त्याला भिडावा म्हणून. चाकांचंही तसंच. मला सतरा इंची हवी होती. तुम्ही म्हणालात, कंपनी वरच्या मॉडेलला जेवढं देते तेवढंच घ्या, २०५/६० च्या टायरच्या जागी २१५/६०, रिंग सोळाचीच. मी घरी गणित केलं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. टायरची भिंत सहा मिलिमीटरनं वाढते. सहाच. पण तेवढ्यानं ना स्टिअरिंग बिघडत, ना विमेवाला भांडत.

मग दोन शनिवार तुम्ही माझ्याबरोबर फिरलात. एक लाल गाडी होती, टॉप मॉडेल, अलॉय, क्रूझ कंट्रोल, सगळं होतं. माझा जीव तिच्यात अडकलेला. तुम्ही परत बॅटरी दिलीत. बॉनेटखालच्या पत्र्यावरचे कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके डाव्या बाजूला होते, उजव्या बाजूला नव्हते. दारांच्या काचांवर एक साल, एका काचेवर दुसरं. म्हणजे ठोकलेली, दुरुस्त केलेली गाडी. हे मी शोधलं, मामा! तुम्ही नुसते हुंकार भरत होतात.

घेतली ती करड्या रंगाची मारुतीची ब्रेझा, व्हीडीआय हे खालच्यातलं मॉडेल, ऑगस्ट २०१८ मधली. महिना तुम्ही मुद्दाम बघितलात, कारण त्या वर्षीच्या मे महिन्यापासून तिच्या खालच्या मॉडेललाही दोन एअरबॅग आणि एबीएस आहेत. इंजिन १२४८ सीसीचं डिझेल, मुळात फियाटचं, स्विफ्टमध्ये तेच आणि डिझायरमध्येही तेच. “ह्ये उघडून न बघितलेला मिस्त्री उद्यमनगरात घावायचा न्हाई,” असं म्हणालात. मारुतीनं २०२० साली डिझेल बंद केलं म्हणून मी कचरत होते, पण तुमच्या त्या एका वाक्यानं निर्धास्त झाले. लोखंडी रिंगा, साधा रेडिओ, फॉगलॅम्पच्या जागी काळं झाकण. आईला बसवून, उतरवून, परत बसवून बघितलं. ती म्हणाली, “खुर्चीसारखं आहे.” व्यवहार तिथंच ठरला. आरटीओच्या फेऱ्यांचं पुराण इथं लावत नाही.

तुम्ही पैसे घेतलेत हे मला फार आवडलं. तिन्ही दिवसांचे मिळून नऊशे. न घेता “राहू द्या की बाई” म्हणाला असतात तर मी ओझ्याखाली राहिले असते, आणि पुढच्या वेळी काही विचारायला कचरले असते. कामाचे पैसे मोजून घ्यायचे आणि काम मोजून न करता करायचं, हे आता कमी झालंय. सकाळच्या गाडीचे एक कंडक्टर होते, निवृत्त झाले. मी दिसले नाही तर बेल मारायच्या आधी एकदा मागं वळून बघायचे. गाडी उशिरा सोडली नाही त्यांनी कधी, पण बघायचे. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठ्या गोष्टी आठवतात. मला त्यांची वळलेली मान आठवते, आणि आता तुमची बॅटरी. काचेच्या दुकानात मला तीन वेळा कॉफी विचारली होती, दारापर्यंत सोडायला आले होते, “मॅडम” तर वाक्यागणिक. तुम्ही चहासुद्धा विचारला नाहीत. माझ्या आईला बसायला मात्र टायरवर पोतं टाकून दिलंत, आधी पोतं झटकून.

आता हिशोब. मार्चमध्ये कॅमेरा आणि स्क्रीन बसवली, मूळ वायर कुठंही न कापता, तुम्ही सांगितलेल्या माणसाकडून. मे अखेरीला काळी झाकणं निघाली आणि फॉगलॅम्प लागले. परवा गगनबावड्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, पण रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दिसत होती. तेवढ्यावर शाळेत पोचले. मांडुकलीला पाणी आलं त्या दिवशी मागं फिरले. पुढच्या दोन गाड्या गेल्या, त्यातला एक जण काच खाली करून म्हणाला, “मॅडम, तुमची तर उंच आहे, घाला की.” मी घातली नाही. बेल्टवरची ती रेघ मी स्वतः बघितलीय.

अलॉय दिवाळीनंतर. २१५/६०, सोळाचेच, शपथ. त्याआधी एक काम आहे. मागच्या डाव्या दारातून खड्ड्यात कट्-कट् आवाज येतोय. रबर असावं असं मला वाटतं, पण तुम्ही बघा. शनिवारी सकाळची शाळा असते, दोनपर्यंत पोचते. आईनं तुमच्यासाठी तांदळाच्या पापड्या दिल्यात, त्यांचे पैसे लावायचे नाहीत.

तुमची,
गगनबावड्याच्या शाळेतली बाई