सशांची ‘जोडी’ आणि त्यापुढचा महिना

मा. संपादक,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सशांची पिल्लं घ्यायला मुलांची झुंबड उडते. ‘एकटा राहत नाही, जोडीच न्या’ असं सांगून दोन पिल्लं हाती दिली जातात. गेल्या वर्षी आम्हीही नातीसाठी अशीच जोडी आणली. दोन्ही माद्या आहेत, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी पिंजऱ्यात सहा बिनकेसांची, लालसर पिल्लं दिसली. त्यातली तीन उघड्या जाळीवर गारठून पडली होती.

सशीण त्यांच्याकडे फिरकेना. आईनं टाकलीत असं समजून आम्ही त्या तिघांना घाईनं ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं. दुपारपर्यंत तिन्ही गेली. आजही ते आठवलं की जीव तुटतो, कारण चूक आमची होती.

सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही बहुधा रात्री किंवा पहाटे, जेमतेम तीन-चार मिनिटं. एरवी ती लांबच राहते, म्हणजे शिकारी प्राण्याला घरट्याचा माग लागत नाही. हे आम्हाला पशुवैद्यांकडून नंतर कळलं. सकाळी पिल्लांची पोटं पाहावीत. गोल, तट्ट असतील तर आईनं पाजलंय. खपाटीला गेली असतील आणि कातडीला सुरकुत्या असतील, तर डॉक्टर गाठावा. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू मात्र सशीण मांजरीसारखं तोंडात धरून परत आणत नाही. ते आपणच उचलायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे. आणि आधी ऊब, मग दूध! गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, उताणं धरून पाजलं तर ते फुप्फुसात जातं. फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून अंग गरम झालं की आईनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून केलेल्या घरट्यात त्याला परत ठेवावं. बहुतेक वेळा पुढचं ती पाहते.

या धांदलीत नराला वेगळं करायचं आम्हाला सुचलंच नाही. सशिणीचं बीज मीलनानंतर सुटतं, त्यामुळे व्यायल्या दिवशीही ती पुन्हा गाभण राहू शकते. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. महिन्यानं आणखी पाच पिल्लं झाली, तीही पहिली तीन अजून लहान असताना. केवढी झिजली ती!

‘टेकडीवर सोडून द्या’ असं अनेकांनी सुचवलं. कृपा करून कुणी तसं करू नये. आपल्याकडचा रानससा हा वेगळा प्राणी आहे. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं पहिले दहाएक दिवस आंधळी असतात. पिंजऱ्यात वाढलेला ससा टेकडीवर कुत्र्यांच्या तोंडी जातो.

विक्रेत्यांना विनंती, नर की मादी हे नक्की सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. लहान पिल्लांत ते ओळखणं खरंच अवघड असतं. घेणाऱ्यांनी पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आत डॉक्टरांकडून तपासून घ्यावं आणि नर-मादी असतील तर लगेच वेगळे ठेवावेत. सशांची नसबंदी करणारे पशुवैद्य आपल्या जिल्ह्यात कुठे आहेत, याची यादी आपण येत्या सुट्टीआधी छापलीत तर फार उपकार होतील.

आमची आठही पिल्लं तपासून घेऊनच ओळखीच्या घरी दिली. नराची शस्त्रक्रिया झाली आहे, पण त्यानंतरही ४ ते ६ आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. त्यातले अजून १२ दिवस उरलेत. तोवर घरात दोन पिंजरे आहेत.

आपली,
एक वाचक, सातारा