गोंधळ लोकप्रतिनिधींच्याच पथ्यावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत आरोग्यविम्याच्या प्रश्नावरून लोकप्रतिनिधींच्या सभांमध्ये होणाऱ्या घोषणाबाजीचे वृत्त आपल्या अंकात आले होते. त्यावर ‘मतदार असावा तर असा’ या आशयाचे एका वाचकाचे पत्रही वाचले. मी गेली सव्वीस वर्षे न्यू जर्सीत राहते आणि त्यातली बहुतेक वर्षे एका दवाखान्यात विम्याची बिले पाठवण्याचे व नाकारलेल्या बिलांसाठी कंपन्यांशी फोनवर हुज्जत घालण्याचे काम करत आले आहे. इथल्या लोकांचा संताप कुठून येतो हे मला शिकवावे लागत नाही. तरीही अशा एका सभेत तीन तास बसून आल्यापासून त्या पत्रलेखकाचा उत्साह मला वाटून घेता येत नाही.

‘टाऊन हॉल’ म्हणजे साधारणपणे आपल्या तालुक्याची आमसभा समजावी. पंचायत समितीच्या आमसभेत आमदारांसोबत खात्यांचे अधिकारी बसलेले असतात आणि अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, याचे उत्तर एखाद्या अधिकाऱ्याला निदान उभे राहून द्यावे लागते. इथे शाळेच्या सभागृहात काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, सदस्य एकटाच ध्वनिक्षेपकासमोर असतो. हातघाईवर येण्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे उन्नीस-बीस.

ऑगस्ट २००९मध्ये ओबामांच्या आरोग्य विधेयकावरून देशभर अशा सभा उधळल्या गेल्या, तेव्हा ओरडणारे बहुतेक लोक विधेयकाचे विरोधक होते. मिशिगनमधील रोम्युलस येथे, विधेयकाच्या बाजूचे काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या सभेत एक बाप आपल्या अपंग मुलाची चाकाची खुर्ची ढकलत थेट त्यांच्यापुढे आला आणि तुमच्या योजनेत माझ्या मुलाला उपचारच मिळणार नाहीत, असे ओरडू लागला. ज्यांच्यावर तो ओरडत होता त्या ८३ वर्षांच्या गृहस्थांच्या वडिलांनी १९४३मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचे विधेयक मांडले होते. पुढे मुलाने ते दर नव्या काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले, आणि १९६५मध्ये वृद्धांसाठीची ‘मेडिकेअर’ योजना सभागृहात मंजूर झाली तेव्हा सभागृहाचे कामकाज चालवणाऱ्याच्या खुर्चीत हेच डिंगेल बसलेले होते. त्या बापाची भीती खोटी नव्हती, ती त्याला कुणीतरी पुरवलेली होती. डॉक्टरांनी रुग्णाशी त्याच्या अखेरच्या दिवसांतील उपचारांविषयी, रुग्णाची इच्छा असेल तर, बोलावे आणि त्या वेळेचे पैसे मेडिकेअरने द्यावेत, अशी एक साधी तरतूद विधेयकात होती. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘मृत्युमंडळ’, म्हणजे कुणावर उपचार करायचे हे ठरवणारे सरकारी मंडळ, हा शब्द प्रचारात आणला आणि त्या तरतुदीचे भूत झाले. तरतूद गळाली. पुढे जानेवारी २०१६पासून मेडिकेअर अशा संभाषणाचे पैसे देऊ लागले. ९९४९७ हा त्याचा बिलाचा संकेतांक मी पहिल्यांदा टंकित केला, तेव्हा एवढ्या सहा-सात वर्षांत किती घरांत हे बोलणे राहूनच गेले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

पेनसिल्व्हेनियातील लेबनॉन येथे सेनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी रीतसर व्यवस्था केली होती. आधी आलेल्या तीस जणांना कार्डे दिलेली, प्रश्न त्यांनीच विचारायचे. कार्ड न मिळालेला एक जण उठून त्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडला आणि एक दिवस देव तुमचा न्याय करील, असे सुनावून निघून गेला. दूरचित्रवाणीवर दाखवले गेले ते हेच. कार्डे घेऊन शिस्तीत उभ्या राहिलेल्या माणसांचे प्रश्न आज कुणाला आठवतात?

इथवर वाचून ओबामांचे समर्थक माना डोलावतील म्हणून लगेच २०१७कडे येते. पारडे फिरले होते, ओबामांचा तोवर संमत झालेला कायदा मोडीत काढण्याचे रिपब्लिकन पक्षाचे विधेयक आले होते आणि ओरडणारे आता आमच्या बाजूचे होते. होय, आमच्याच, मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, हे लपवण्याचे कारण नाही. २००९मध्ये विरोधकांमध्ये फिरलेल्या एका टिपणात सभागृहात एकत्र न बसता विखरून बसा, म्हणजे संख्या मोठी वाटेल, असा सल्ला होता. काँग्रेस सदस्यांच्या माजी कर्मचाऱ्यांनी २०१६च्या अखेरीस आमच्या बाजूसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिने ही विद्या त्यांच्याकडूनच उचलली; विखरून बसण्याच्या सल्ल्यासकट. आमच्या न्यू जर्सीतले तेव्हाचे काँग्रेस सदस्य टॉम मॅकआर्थर हे त्या विधेयकातील सर्वांत वादग्रस्त दुरुस्तीचे जनक; ओबामांच्या कायद्यातील रुग्णांच्या काही संरक्षणांतून राज्यांना सूट घेण्याची मुभा देणारी ती दुरुस्ती. १० मे २०१७ रोजी विलिंगबरो येथे ते जवळजवळ पाच तास उभे राहिले. जन्मतः अपंग असलेल्या आणि अकराव्या वर्षी वारलेल्या आपल्या मुलीविषयी ते सांगू लागले, तेव्हा लोकांनी त्यांना तेही धड बोलू दिले नाही. त्यांची दुरुस्ती मला साफ नामंजूर होती. पण रोम्युलसच्या बापाचे ओरडणे ज्यांना असभ्य वाटले होते, त्यांच्यापैकी किती जणांना विलिंगबरोची ही हुर्यो टोचली, असा प्रश्न मी त्या आठवड्यात ओळखीच्या मंडळींना विचारला. उत्तरे फारशी आली नाहीत.

त्याच सुमारास मी गेले होते ती सभा दुसऱ्या एका सदस्याची. दारात स्वयंसेवक हिरवे आणि लाल कागद वाटत होते; बोलणे पटले तर हिरवा वर करायचा, न पटले तर लाल. माझ्या शेजारी पोलंडहून आलेल्या, साठी नुकतीच ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आपला प्रश्न विजेच्या बिलाच्या लिफाफ्यामागे लिहून आणला होता आणि इंग्रजी बरोबर आहे ना, म्हणून तो मला दाखवला. त्यांना पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता, विमा नवऱ्याच्या नोकरीचा होता आणि तो निवृत्त होणार होता. नव्या विधेयकाप्रमाणे दोन विम्यांमध्ये ६३ दिवसांचा खंड पडला आणि आपल्या राज्याने सूट घेतलेली असली, तर कंपनीला माझा जुना आजार पाहून हप्ता ठरवता येईल का, हो की नाही, एवढेच त्यांनी लिहिले होते. इतका नेमका प्रश्न मी आमच्या कचेरीतही क्वचित ऐकला आहे.

त्यांची पाळी आली. ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारताच मागच्या रांगांतून ‘लाज वाटू द्या, लाज वाटू द्या’ असा गजर सुरू झाला. तो त्यांच्याच बाजूने होता. सगळे लाल कागद त्यांच्यासाठी हवेत होते. सदस्य महाशय शांतपणे उभे राहिले, गजर ओसरल्यावर आपल्या भावना माझ्यापर्यंत पोहोचल्या आहेत, असे म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रांगेकडे बोट केले. बाईंनी लिफाफा दुमडून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर मी विधेयकाचा मजकूर काढून पाहिला. उत्तर ‘हो’ असे होते, एका वर्षापुरते. ते त्या गृहस्थांच्या तोंडून वदवून घेता आले असते, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्यांचे नाव त्या ‘हो’सकट छापून आले असते. आम्हीच त्यांना त्यातून सोडवले.

गोंधळ लोकप्रतिनिधींच्या पथ्यावर पडतो असे मी म्हणते ते या अर्थाने. आणि सभाच न घेण्याची सबब त्यातूनच मिळते. मार्च २०२५मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रचार समितीचे प्रमुख रिचर्ड हडसन यांनी आपल्या सदस्यांना समोरासमोरच्या सभा टाळण्याचाच सल्ला दिला. त्याऐवजी फोनवरच्या सभा निघाल्या आहेत. रात्री जेवताना फोन वाजतो, अर्धा तास भाषण ऐकू येते, प्रश्न कार्यालयातील माणूस निवडतो आणि उलट प्रश्न विचारायच्या आत आपला आवाज बंद केलेला असतो. सभ्यतेत कुठे उणे काढता येणार नाही. आवाज न चढवता उत्तर चुकवण्याची ही तऱ्हा मला त्या गजराइतकीच उद्धट वाटते. आयोवाच्या सेनेटर जोनी अर्न्स्ट यांनी तर ३० मे २०२५ रोजी भरसभेत, लोक मरतील असे कुणीतरी ओरडल्यावर, ‘आपण सगळेच मरणार आहोत’ असे उत्तर दिले आणि वर खोचक माफीची चित्रफीत काढली. जगभर गाजले ते ते एक वाक्य. सभेत चर्चा होती गरिबांच्या ‘मेडिकेड’ योजनेतील कपातीची, आणि ती त्या वाक्याखाली गाडली गेली.

४ जुलै २०२५ रोजी त्या कपातीचा कायदा झाला. त्यानुसार मेडिकेडवरील अनेक प्रौढांना २०२७पासून महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा लागेल. आर्कान्सा राज्याने २०१८मध्ये अशीच अट घातली, तेव्हा न्यायालयाने ती थांबवण्याआधी काही महिन्यांत अठरा हजारांहून अधिक लोकांचे संरक्षण गेले. काम करणारी माणसेही त्यात होती. नोंद वेळेवर झाली नाही, एवढाच त्यांचा दोष. अशी नाकारलेली बिले घेऊन येणाऱ्यांसमोर मी खिडकीच्या या बाजूला बसणार आहे. म्हणून येत्या सभांमध्ये कुणी शांतपणे एवढेच विचारावे, की आर्कान्सात झाले ते इथे होऊ नये यासाठी आपण कोणती तरतूद केली आहे. आणि उत्तर येईपर्यंत आजूबाजूच्यांनी, मग ते कुठल्याही रंगाचा कागद धरून असोत, गप्प राहावे.

आपल्याला एक विनंती. इथल्या टाऊन हॉलचे असो वा आपल्याकडच्या आमसभेचे, वृत्त देताना बाटल्या कुणी फेकल्या आणि घोषणा कुणी दिल्या याबरोबरच आरोग्याविषयी कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांतल्या कोणत्यांना उत्तर मिळाले नाही, हे दोन ओळींत छापता आले तर पाहावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, न्यू जर्सी (अमेरिका)