जाफन्याच्या बसमधून

नाशिक,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत उभा होतो, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. मे महिन्यात तू आणि वहिनी श्रीलंकेला निघताय हे ऐकून फार बरं वाटलं. ड्रायव्हरसकट गाडी ठरवू, की तुमच्यासारखं पाठीवर सॅक टाकून बसनं फिरू, असं तू विचारलंस. बसनंच फिर. का म्हणतोय ते सांगायला पत्रच हवं होतं.

कोलंबोत उतरलास की पेट्टा नावाच्या भागात जा. पेट्टा म्हणजे आपली पेठच. गर्दी तशीच, आरडाओरडाही तसाच. मुग्धा आणि मी सॅक सावरत उभे होतो आणि एक कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "नुवर, नुवर, नुवर!" आम्हाला कँडीला जायचं होतं, म्हणून आम्ही ती बस सोडून दिली. दुसरी आली, तीही "नुवर". शेवटी एका आजोबांनी सांगितलं की हीच कँडीची. सिंहली माणूस कँडीला महनुवर म्हणतो, म्हणजे महानगर. आपल्या नगरचं तिकडे नुवर झालंय! नंतर मुग्धाला नादच लागला. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय असे दहापर्यंत आकडे तिनं शेजारच्या शाळकरी मुलीकडून पाठ करून घेतले. समुद्रापलीकडे, मध्ये सगळा तमिळ मुलूख ओलांडून गेल्यावर आपल्या भाषेची ही चुलत बहीण अशी अचानक भेटते, त्याचं मला फार अप्रूप वाटलं.

सरकारी बस लाल रंगाची. आपल्या एसटीचीच आठवण येते. १९५८ साली तिथल्या सरकारनं खासगी कंपन्यांकडून बसगाड्या ताब्यात घेऊन एक मंडळ काढलं. त्याचं नाव पुढे बदललं, पण जुनी माणसं अजून सीटीबीच (सिलोन ट्रान्सपोर्ट बोर्ड) म्हणतात. एका बाजूला तीन, एका बाजूला दोन सीट. ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्ध, त्याच्या शेजारी गणपती, भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ. पुढची दोन आसनं भिक्खूंसाठी राखीव असतात. आम्हाला ठाऊक नव्हतं, आम्ही तिथेच बसलो. कडुगन्नावाच्या घाटाच्या अलीकडे एक तरुण भिक्खू चढले. कंडक्टरनं हळूच हातानं खूण केली आणि आम्ही उठायच्या आत मागच्या दोघांनी आम्हाला जागा करून दिली. वहिनींना एवढं सांगून ठेव की भिक्खू बाईमाणसाशेजारी बसत नाहीत, त्यामुळे अशा वेळी आपणच उठायचं.

कँडी आणि दम्बुल्लाबद्दल लिहीत नाही. दंतमंदिर आणि दम्बुल्लाची पाच लेणी तुला कुठल्याही पुस्तकात सापडतील. मला सांगायचंय ते त्यापुढच्या रस्त्याचं.

कँडीहून उत्तर टोकाच्या जाफन्याला जाणारा ए-नाइन हा हमरस्ता सुमारे ३२० किलोमीटरचा. आम्ही तो १३ जानेवारीला दम्बुल्लाहून धरला. दुसऱ्या दिवशी तै पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, त्यामुळे अख्खी बस सणाला घरी निघालेली. सॅक ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या पेटाऱ्यावर टाकल्या आणि वव्हुनियापर्यंत दोघंही उभ्यानं गेलो. मुग्धाचे पाय सुजले होते, पण तिनं तक्रार केली नाही. वव्हुनियाला बरीच माणसं उतरली आणि आम्हाला तिघांच्या सीटवर जागा मिळाली. पाट्यांवर आता तमिळ अक्षरं वर आली होती. खिडकीबाहेर ताडाची झाडं सुरू झाली.

खिडकीकडच्या बाई जाफन्याच्या, शिक्षिका होत्या. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी आमचं बोलणं चाललं होतं. ओमन्तै आलं तसं त्यांनी बोट दाखवलं. लष्कर आणि तमिळ वाघांच्या युद्धाच्या काळात इथे नाका होता. प्रत्येकानं खाली उतरायचं, पिशव्या उघडायच्या, चालत पलीकडे जायचं. हा रस्ता कितीतरी वर्षं बंदच होता. २००२ च्या शस्त्रसंधीनंतर उघडला, २००६ मध्ये पुन्हा मिटला आणि २००९ मध्ये युद्ध संपल्यावर खुला झाला. त्यांच्या आईला कोलंबोच्या लेकीचं बाळ बघायला मिळालं ते बाळ शाळेत जायला लागल्यावर. हे सांगताना त्या हसत होत्या. मी मात्र बाहेर बघत राहिलो.

थोड्या वेळानं मुग्धा एकदम म्हणाली, "आपण लग्नानंतर संगमनेरहून एसटीनं आलो ना, तेव्हा मी सिन्नरपर्यंत रडत होते. खिडकीकडे तोंड करून." अव्या, मला माहीत नव्हतं रे. चोवीस वर्षं झाली. मी तेव्हा ट्रंक नीट बसलीय का ते बघत होतो. त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ बोललो. तिच्या वडिलांबद्दल, संगमनेरच्या घराबद्दल, आमची पोर होस्टेलला गेल्यापासून घरात पसरलेल्या शांततेबद्दल. घरी आमचं बोलणं म्हणजे गॅस आला का, वीजबिल भरलं का. गाडी केली असती तर पुढे ड्रायव्हर बसला असता, आणि आम्ही दोन खिडक्यांकडे तोंड करून दोन मोबाइल बघत बसलो असतो.

किलिनोच्चीच्या अलीकडे बस रस्त्याकडेला थांबली. मला वाटलं पंक्चर. पण सगळेच उतरायला लागले. समोर एक लहानसं देऊळ, मुरिकंडी पिळ्ळैयारचं. पिळ्ळैयार म्हणजे गणपती! या रस्त्यानं जाणारी गाडी इथे थांबतेच. आमचा ड्रायव्हर सिंहली, कंडक्टर तमिळ. दोघंही चपला काढून गेले. ड्रायव्हरनं नारळ दगडावर आपटला, शकलं उडाली, एक माझ्या पायाशी आलं. मुग्धानं हात जोडले आणि "वक्रतुण्ड" म्हणायला लागली. शेजारी उभ्या एका म्हाताऱ्या अम्मांनी तिच्या कपाळाला भस्म लावलं. देवळाबाहेर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा विकायला असतात, त्याला कचान म्हणतात. वाळूत भाजलेल्या, गरम. शिक्षिकाबाईंनी आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत. त्या शेंगांची टरफलं ओंजळीत घेऊन आम्ही पुन्हा बसमध्ये चढलो, आणि परक्या देशात आहोत हे मला काही केल्या वाटेना.

पुढे एलिफंट पास लागतो. दोन्हीकडे उथळ पाणी, मिठागरं आणि मधून रस्ता. या चिंचोळ्या पट्टीसाठी १९९१, २००० आणि २००९ मध्ये लढाया झाल्या. बसमध्ये तिथे कोणी बोललं नाही.

जाफन्यात आम्ही एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. "वांगो, वांगो" म्हणत घरातल्या अम्मा दारातच आल्या. सकाळी अंगणात कोलम, म्हणजे आपली रांगोळी, काढलेलं, विटांच्या चुलीवर मातीचं मडकं, आत तांदूळ, दूध, गूळ. दूध उतू गेलं तेव्हा सगळे एका आवाजात "पोंगलो पोंगल" ओरडले. मुग्धानं नाशिकहून आणलेला तिळगुळाचा डबा उघडला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ समजावताना तिची तारांबळ उडाली, पण अम्मांना कळला. त्यांनी डबा रिकामा परत केला नाही. त्यात पोंगल भरून दिला.

दुपारी सार्वजनिक ग्रंथालय बघायला गेलो. १९८१ मध्ये ते जाळलं, तेव्हा जवळपास ९७,००० पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. ताडपत्रांवरच्या काहींची तर एकच प्रत होती, ती कायमची गेली. तुला माहीतच आहे, मुग्धानं वीस वर्षं वाचनालयात काढली आहेत. नव्या बांधलेल्या पांढऱ्या इमारतीसमोर ती पायरीवर बसली आणि खूप वेळ उठली नाही.

आता कामाचं. तिकीट काढण्याआधी शेजारच्या प्रवाशाला भाडं विचार. एका खासगी बसमध्ये आमच्याकडून दुप्पट घेतले होते. सुटे पैसे जवळ ठेव. सॅक दहा किलोंच्या वर नको. दोन-तीन तास बस थांबत नाही, तेव्हा वहिनींना पाणी बेतानं प्या म्हणावं. १२ मेच्या सुमारास असाल तर वेसाक, आपली बुद्धपौर्णिमा, तुम्हाला सापडेल. रस्त्याकडेला दन्सल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. बस थांबली तर उतर आणि जेव. आणि जाफन्याहून कुरिकट्टुवानला जाणारी बस चुकवू नकोस. ती समुद्रातल्या बांधावरून जाते, दोन्हीकडे पाणी, आणि पुढे होडीनं नैनातीवू बेटावर जाता येतं.

आमच्या दोन्ही सॅक धुऊन माळ्यावर ठेवल्यात. मार्चमध्ये पुण्याला येईन तेव्हा घेऊन येतो, विकत घेऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत