घोडीचा माग

प्रिय विनायक,

तू घेतलेली पांढरी घोडी सुखरूप पोचली हे वाचून बरं वाटलं. ती आधी कुठे, कुणाकडे होती हे कसं शोधायचं, ते सांगतो. 'वय 12, वरातीची' हे विकणाऱ्याचं बोलणं तूर्त बाजूला ठेव. विकताना सगळीच घोडी 10-12 वर्षांची असतात!

आधी दात. वरचा ओठ उचल आणि समोरच्या दातांपैकी अगदी कडेचा बघ. त्यावर उभी तपकिरी खाच असते. ती 10व्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसू लागते, 15व्याला मध्यावर येते, 20व्याला टोकाला पोचते. पुढे वरून पुसत जाते. म्हणजे खाच हिरडीजवळ नाही आणि खालच्याच अर्ध्यात उरली आहे, तर घोडी पंचविशीतली. दोन्ही बाजू ताडून बघ आणि चार वर्षं इकडेतिकडे धर. गव्हाण चावायची खोड असेल तर दात भलतेच झिजतात.

मग रंग. शोध फसतो तो इथेच. नाकपुडी, डोळ्यांभोवती आणि शेपटीखालची कातडी बघ. सगळीकडे गुलाबी असेल तर ती नुकरा, जन्मापासून पांढरी. काळी असेल तर ती सब्जा: जन्मली काळी, कुमैत (लालसर तपकिरी) नाहीतर दुसऱ्या एखाद्या रंगाची आणि वयाबरोबर पांढरी पडली. मग जुन्या कागदांत, फोटोंत पांढरी घोडी शोधून काय मिळणार? तोंड आणि पाय पाण्याने चिंब भिजव. जन्मखुणांखालची कातडी गुलाबी असते, त्यामुळे कपाळावरचा टिळा, पायातले मोजे ओल्या केसांतून उमटतात. त्या खुणा, केसांचे भोवरे आणि पायांच्या आतल्या अंगाची शिंगासारखी गाठ यांचे नीट फोटो काढ. हे काही बदलत नाही.

जुन्या जखमांवर पांढरे केस येतात, पण पांढऱ्या अंगावर ते दिसायचे नाहीत, हातानेच चाचप. मानेच्या मुळाशी उंचवट्यावर कातडी जाड लागली तर खोगीर, छाती-खांद्यावर लागली तर गाडी. पुढच्या गुडघ्यांवर केस नसलेले वण म्हणजे बहुतेक डांबरी रस्त्यावर पडलेली. मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाड्या, उच्च न्यायालयाने 2015 साली बेकायदा ठरवल्या. घोडी विशीतली असेल तर तोही धागा सोडू नकोस.

डॉक्टरांकडून मानेच्या दोन्ही बाजूंनी चिप-रीडर (कातडीखालची ओळख-चिप वाचणारं यंत्र) फिरवून घे, डावीकडे आयाळीखाली जास्त सावकाश. नंबर 15 आकडी असतो. नसला तरी जुन्या जनावरात नवल नाही. अंगकाठी शर्यतीच्या थरोब्रेडची वाटली तर नंबर आणि खुणांचे फोटो पुण्याच्या स्टड बुककडे, म्हणजे थरोब्रेड घोड्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठव. कान आत वळून टोकं जुळत असतील तर मारवाडी किंवा काठेवाडी रक्त. मग तिथे वेळ घालवू नकोस, सारंगखेडा आणि अकलूजच्या घोडेबाजारात विचार.

माणसं शेवटी. मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद, वरातवाले यांना नुसता फोटो दाखवून 'ओळखता का?' एवढंच म्हण. 'ही अमक्याचीच ना?' म्हटलंस की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. तिच्या नावावर तर मुळीच विसंबू नकोस, ते दर खरेदीला बदलतं.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी तिचं रक्त दिलंयस ना? अहवाल येईपर्यंत तिची बादली आणि गव्हाण वेगळीच ठेव. बाजारात फोटोच ने, घोडीला नको.

तुझा,
सदानंद