शोंपेनांच्या वतीने होकार कोणी दिला?

प्रति,
मा. केंद्रीय जनजातीय कार्य मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,

स.न.वि.वि.

शोंपेन आदिवासी राहतात त्या ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर उभारण्याच्या प्रकल्पासाठी ऑगस्ट 2022 मध्ये जिल्हा प्रशासनाने एक दाखला दिला. वनहक्क कायद्याखालचे सर्व हक्क तपासून निकाली काढले आहेत आणि वनजमीन प्रकल्पाकडे वळवायला संमती आहे, असे त्यात म्हटले आहे. हा दाखला आपल्या मंत्रालयाने ग्राह्य धरू नये आणि प्रक्रिया पहिल्या पायरीपासून नव्याने करून घ्यावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहोत.

मराठी माणसाला अंदमान ठाऊक आहे ते सेल्युलर जेलमुळे. ते 1906 मध्ये बांधून पूर्ण झाले. पण तिथली वसाहत त्याआधीची आहे. मार्च 1858 मध्ये कैद्यांची पहिली तुकडी उतरली आणि जंगलतोड सुरू झाली. ते जंगल ग्रेट अंदमानी आदिवासींचे होते. मे 1859 मध्ये त्यांनी पोर्ट ब्लेअरमधल्या अ‍ॅबरडीनवर हल्ला चढवला, पण दूधनाथ तिवारी या पळालेल्या आणि त्यांच्यातच राहून परतलेल्या कैद्याने इंग्रजांना आधीच खबर दिली होती. धनुष्यबाण बंदुकांपुढे टिकले नाहीत. इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई येते आणि तिथेच थांबते. खरा संहार मात्र पुढे झाला, आणि तो दयाबुद्धीने झाला.

1863 मध्ये रॉस बेटावर हेन्री कॉर्बिन या पाद्र्याच्या देखरेखीखाली 'अंदमान होम' उघडले. अन्न, कपडे, तंबाखू, इंग्रजीचे धडे असा सगळा बेत होता. बदल्यात जंगल साफ करायचे, पुढे पळालेले कैदी पकडून द्यायचे. तिथे राहायचे की नाही, हे त्या लोकांना कोणी विचारले नाही. त्यांच्या भल्याचा निर्णय त्यांच्या वतीने अधिकाऱ्यांनी घेतला. 1876 मध्ये उपदंश पसरल्याचे लक्षात आले, 1877 मध्ये गोवर आला. होममध्ये जन्मलेल्या दीडशेच्या आसपास मुलांपैकी एकही दोन वर्षांपलीकडे जगले नाही. 1858 मध्ये जी माणसे काही हजार होती, ती 1901 च्या जनगणनेत 625 भरली, 1931 मध्ये 90 आणि 1961 मध्ये 19. त्यांच्या दहा गटांपैकी 'बो' गटाची भाषा बोलणारी शेवटची स्त्री जानेवारी 2010 मध्ये वारली.

याच द्वीपसमूहातल्या जारवा आदिवासींनी 1997-98 पर्यंत बाहेरच्यांना सहसा जवळ येऊ दिले नाही. 2011 च्या जनगणनेत ते 380 होते, तर ग्रेट अंदमानी 44. ज्यांच्याशी 'मैत्री' झाली ते संपत आले आणि ज्यांनी बाण रोखून ठेवले ते टिकले. धोरण ठरवताना हा फरक डोळ्यांसमोर असायलाच हवा. जारवांच्या राखीव क्षेत्रातून जाणारा अंदमान ट्रंक रोड बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्ये सांगितले, तरी जिरकाटांगच्या फाटकावरून वाहनांचे ताफे सुटतच राहिले. त्यांत बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला निघालेले आपल्याकडचे पर्यटक भरपूर असतात. जारवांमध्ये 1999 मध्ये गोवर पसरला, 2006 मध्ये पुन्हा.

आता शोंपेनांकडे येतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे ते 229 आहेत. ग्रेट निकोबारच्या आतल्या जंगलात, नद्यांच्या खोऱ्यांतून लहान लहान टोळ्यांनी राहतात. आज सगळ्या बेटाची वस्ती आठ हजारांच्या आसपास आहे. गॅलाथिया उपसागरातले बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवे शहर मिळून 166 चौरस किलोमीटर जागा लागणार आहे, त्यातले 130.75 चौरस किलोमीटर जंगल. वस्ती साडेतीन लाखांच्या घरात न्यायची आहे.

गोवर कसा पसरतो, ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, कधी तीन. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो माणूस इतरांना रोग देत असतो. रोगी निघून गेल्यावरही बंद जागेच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत तग धरतो. तेव्हा कॅम्पबेल बे या बेटावरच्या मुख्य गावाच्या धक्क्यावर कामगाराचे तापमान बघून 'तब्येत ठीक' असा शिक्का मारण्याला काहीही अर्थ नाही. शिवाय गोवराला कायम मुक्काम करायला अडीच ते पाच लाखांची सलग वस्ती लागते, त्याहून लहान बेटावर साथ येते आणि विझते. साडेतीन लाखांचे शहर वसवणे म्हणजे आज बाहेरून येणाऱ्या रोगाला बेटावर कायमचे घर देणे.

आणि ज्या समाजात आधी कोणालाच गोवर झालेला नाही, तिथे लहानथोर सगळे एकदम आडवे होतात. मृत्यूचे मोठे कारण तेच असते. शोंपेनांचे मुख्य अन्न म्हणजे केवड्याच्या कुळातले, माणसाच्या डोक्याहून मोठे फळ. ते झाडावरून काढायचे, वाहून आणायचे, फोडून बराच वेळ शिजवायचे, मग चिवट तंतूंमधून गर खरवडून वेगळा करायचा. धडधाकट माणसांचे हे रोजचे काम आहे. दहा दिवस टोळीतले कोणीच उठू शकले नाही तर चूल पेटत नाही, ओढ्यावरून पाणी येत नाही. गोवरातून वाचू शकला असता असा माणूस मग तहानेने, उपासमारीने आणि न्यूमोनियाने जातो. लस उपयोगी आहे, पण ती जंगलातल्या टोळ्यांपर्यंत दोनदा पोहोचवणे म्हणजे पुन्हा दोनदा संपर्क. म्हणून लसीचा बंदोबस्त येणाऱ्यांच्या बाजूने हवा. प्रत्येक कामगाराला किमान 28 दिवसांच्या अंतराने गोवराच्या दोन मात्रा, दुसरी मात्रा बोटीत चढण्याच्या किमान दोन आठवडे आधी, आणि ज्याच्या घरात रोगी सापडला त्याला 21 दिवस बेटावर प्रवेश नाही. हे आज असलेल्या कर्मचाऱ्यांनाही लागू व्हावे.

पण ही सगळी व्यवस्था दुय्यम आहे. मूळ प्रश्न संमतीचा.

वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1)(ई) प्रमाणे शोंपेनांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांना अधिवासाचा हक्क आहे, म्हणजे ते जिथे फिरतात, जिथून खातात त्या सबंध प्रदेशावरचा. कलम 4(5) सांगते की पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हलवता येत नाही. दावे मागवायला तीन महिने द्यायचे, ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी हवी, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. सामूहिक वनहक्काचे दावे कसे उभे करतात हे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्येच दाखवले आहे. हक्काचा दावा आधी, परवानगीचा प्रश्न त्यानंतर.

ग्रेट निकोबारमध्ये हा क्रम पाळलाच गेला नाही. ऑगस्ट 2022 ची ग्रामसभा कॅम्पबेल बेला झाली, ती वसाहतींतल्या पंचायतींची. 1969 नंतर तिथे माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. त्यांचे बेटावरचे हक्क आम्ही नाकारत नाही, पण शोंपेनांच्या जंगलावर ते बोलू शकत नाहीत. शोंपेन स्वतः त्या प्रक्रियेत नव्हते. त्यांच्या नावाने बोलली ती अंदमान आदिम जनजाती विकास समिती, जी प्रशासनच चालवते. मागणारे प्रशासन आणि देणारेही प्रशासन, अशी ही संमती आहे. 1863 आणि 2022 यांच्यात एवढ्या बाबतीत आम्हाला काहीच फरक दिसत नाही.

बेटावरच्या दुसऱ्या आदिवासी समाजाची, निकोबारींची, बाजू मांडणाऱ्या लिटल व ग्रेट निकोबारच्या आदिवासी परिषदेने ऑगस्टमध्ये दिलेले ना-हरकत पत्र नोव्हेंबर 2022 मध्ये परत घेतले. कारण त्यांनी स्पष्ट लिहिले होते. 2004 च्या सुनामीआधीची त्यांची गावे आदिवासी राखीव क्षेत्रातून वगळल्या जाणाऱ्या जमिनीत येतात, हे त्यांना सांगितले गेले नव्हते. निकोबारी कुटुंबे तेव्हापासून राजीवनगर आणि न्यू चिंगेनच्या निवाऱ्यांत आहेत आणि आपल्या किनाऱ्यावर परत जायला मागत आहेत. परत घेतलेले पत्र जिवंत धरून पुढे जाता येत नाही.

आपल्या मंत्रालयाला इथे बघ्याची भूमिका नाही. मे 2015 च्या शोंपेन धोरणात म्हटले आहे की मोठ्या विकासकामांपेक्षा शोंपेनांच्या हिताला अग्रक्रम द्यायचा आणि सल्लामसलतीत आपले मंत्रालय असले पाहिजे. म्हणून ऑगस्ट 2022 च्या सर्व बैठकांची इतिवृत्ते आणि हजेरीपट जाहीर करावेत. शोंपेनांच्या वतीने कोण बोलले, कोणत्या भाषेत, दुभाषी कोण होता, हे त्यांत दिसावे. अधिवास हक्काच्या दाव्याची जबाबदारी वनहक्क नियमावलीतल्या नियम 12ब प्रमाणे जिल्हास्तरीय समितीवर आहे. तिने ग्रेट निकोबारसाठी काय केले, याचा लेखी खुलासा घ्यावा. निकोबारींचे दावे त्यांच्या सुनामीपूर्व गावांच्या नावाने, म्हणजे चिंगेन, इन हेंग लोई, पुलो भा आणि कोकेऑन या नावांनी, नोंदवून घ्यावेत.

आणि शोंपेनांशी अर्थपूर्ण बोलणे होऊच शकत नसेल, तर ते मौन 'नाही' म्हणून नोंदवावे. त्यांचा प्रदेश तोडणाऱ्या कोणत्याही कामाला तोवर आपल्या मंत्रालयाची सहमती असू नये, आणि तसे पत्र पर्यावरण मंत्रालयाला जावे. उत्तराची वाट पाहतो.

आपले,
अंदमान-निकोबारच्या आदिवासी प्रश्नांचा अभ्यास करणारे महाराष्ट्रातील नागरिक