हंगेरीचे फुटबॉलपटू फेरेन्स पुश्काश यांना, त्यांच्या डाव्या तळव्याबद्दल

आदरणीय पुश्काशसाहेब,

बुटक्या, अंगानं भरलेल्या आणि एकाच पायानं खेळणाऱ्या मुलाला फॉरवर्डच्या जागेवरून हटवायचं असलं की कोचकडे कारणं तयार असतात. उंची नाही, दम नाही, उजवा पाय चालत नाही. मग त्या पोराला बाकावर बसवतात, नाहीतर गोलीचे हातमोजे चढवून कडेला उभं करतात. मुलांना खेळ शिकवणाऱ्यांपैकी मी एक. हे सगळं ऐकून मनस्ताप होतो तेव्हा बोट दाखवायला तुम्ही आहात, आणि त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.

तुमची उंची बेताची, पोट जरा सुटलेलं, हेडिंगमध्ये दखल घ्यावी असं काही नाही, उजवा पाय तोल सांभाळण्यापुरता. तरी हंगेरीसाठी 85 सामन्यांत 84 गोल. 1952 साली हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्णपदक. पुढे स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबकडून 180 लीग सामन्यांत 156 गोल, आणि हे सगळे वयाच्या एकतिशीनंतरचे. आकडे आणखी पुष्कळ आहेत, पण मी पत्र लिहायला बसलो ते एका सेकंदाहूनही लहान अशा हालचालीसाठी.

25 नोव्हेंबर 1953, लंडनचं वेम्बली मैदान. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही संघाकडून घरच्या मैदानावर न हरलेला इंग्लंड. सामना सुरू होण्याआधी मधल्या वर्तुळात तुम्ही चेंडू पायावर खेळवत होता, आणि समोरच्या एका इंग्लिश खेळाडूनं तुमच्या बांध्याकडे बघून आज सोपं जाणार असं मानलं होतं. पंचविसाव्या मिनिटाच्या आत हंगेरीचे तीन गोल झाले. तिसरा तुमचा. तुमचा डाव्या बाजूचा साथीदार चिबोर उजवीकडे येऊन गोलरेषेजवळून चेंडू आत देतो, सहा यार्डांच्या चौकटीच्या कोपऱ्याशी तो तुम्हाला मिळतो आणि इंग्लंडचा कर्णधार बिली राइट घसरत अंगावर येतो. तुम्ही डाव्या पायाचा तळवा चेंडूवर ठेवता आणि चेंडू मागे ओढता. राइट रिकाम्या गवतावरून पुढे निघून जातो. त्याच डाव्या पायानं, पाय फारसा मागे न नेता, जवळच्या खांबाच्या बाजूनं चेंडू जाळ्यात. गोलरक्षक मेरिकला हलायलाही वेळ मिळाला नाही.

साहेब, ही ओढ आम्ही अजून शिकवतो, आणि ती चुकते कशी हे नीट सांगितल्याशिवाय ती जमत नाही. टेकलेला पाय चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर हवा, गुडघा वाकलेला, आणि शरीराचं सगळं वजन त्याच पायावर. चेंडूवर जातो तो चवडा, टाच कधीच नाही. भाकरी उलटताना बोटं जेवढी टेकतात, तेवढाच दाब. नवशिकी मुलं नेमकी उलट करतात. चेंडूवर उभं राहिल्यासारखं वजन टाकतात, चेंडू पुढे सटकतो आणि पोरगं पाठीवर पडतं. ओल्या मैदानावर तर हे हमखास होतं. दुसरी चूक अंतराची. चेंडू हातभराहून लांब ओढला की फटक्याआधी एक जादा टच लागतो, आणि तेवढ्यात दुसरा बचावपटू येतो. तुमचा चेंडू थांबला तो थेट डाव्या पायाच्या फटक्याच्या जागेवर, कारण ओढतानाच कंबर गोलकडे वळली होती. मुलं चेंडू सरळ मागे ओढतात, मग वळतात, मग मारतात. तीन कामं. तुमच्याकडे ते एकच काम होतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र घाईची असते. बचावपटू दोन पावलं लांब असतानाच पोरगं चेंडू ओढून मोकळं होतं. तो थांबतो आणि पुन्हा समोर उभा. ओढायचं कधी, तर त्याचा टॅकलचा पाय जमिनीवरून सुटला की, कारण तेव्हा त्याला थांबणं शक्य नसतं. तोपर्यंत चेंडू त्याच्या नजरेसमोर ठेवायचा, मिळेल असं वाटू द्यायचं. यासाठी काळीज लागतं. म्हणून आम्ही आधी थांबलेल्या चेंडूवर दहा-दहा वेळा ओढायला लावतो, मग चालत्या चेंडूवर, मग नुसता उभा राहणारा जोडीदार देऊन. घसरत येणारा खरा बचावपटू शेवटी. क्रम उलटा केला तर मुलांच्या नडग्या सोलवटतात आणि ती ओढच टाळू लागतात.

या सगळ्यात उजव्या पायाची गरज कुठे पडली? तोल धरायला. हेच मला त्या कोचमंडळींना सांगायचं असतं. दुसरा पाय शिकवा, जरूर शिकवा, पण पहिला पाय इतका तयार असेल की चेंडू नेहमी त्याच्याच समोर आणून ठेवता येतो, तर त्या मुलाला हटवू नका. बुडापेस्टजवळच्या किश्पेश्तच्या मोकळ्या जागेत चिंध्यांच्या चेंडूवर, शेजारच्या बोझिकबरोबर, तुम्ही तो पाय घडवलात. तिथे कुणी तुमची उंची मोजली नाही, हे तुमचं आणि आमचं नशीब.

अर्थात वेम्बलीचा 6–3 हा एकट्या तळव्याचा विजय नव्हता. तुमचा साथीदार हिदेगकुटी नऊ नंबर, म्हणजे आघाडीच्या मधल्या खेळाडूचा, घालून मागे खेळत होता. इंग्लंडच्या मधल्या बचावपटूनं त्याच्यामागे जावं तर पाठीमागे खिंडार, न जावं तर हिदेगकुटी मोकळा. त्या खिंडारात तुम्ही आणि कोचिश. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला तेच पुन्हा, 7–1. त्या वर्षीची विश्वचषकाची बर्नमधली अंतिम लढत तुम्ही दुखऱ्या घोट्यानं खेळलात, सहाव्या मिनिटाला गोल केलात, आणि संघ 3–2 नं हरला. त्यावर अधिक लिहवत नाही.

आता 1956 नंतरचं. बुडापेस्टमध्ये उठाव चिरडला गेला तेव्हा तुमच्या होनवेद क्लबचा संघ युरोपियन कप या क्लबांच्या स्पर्धेसाठी देशाबाहेर होता. तुम्ही परतला नाहीत. बंदी आली, आणि दीड वर्षाहून जास्त काळ एकही अधिकृत सामना नाही. वजन अठरा किलोंनी वाढलं म्हणतात. इटलीतल्या मोठ्या क्लबांनी वय पाहिलं, पोट पाहिलं आणि हात आखडता घेतला. पायाकडे कुणी पाहिलंच नाही. जगातला सर्वात अचूक डावा पाय समोर असताना वजनाचा काटा बघणाऱ्यांबद्दल आजही राग येतो. होनवेदमध्ये तुमच्याबरोबर असलेले एमिल ओस्टराइशर माद्रिदला गेले होते. त्यांनी तुमचं नाव पुढे केलं आणि क्लबचे अध्यक्ष सान्तियागो बेर्नाबेऊ यांनी ते मानलं. त्या दोघांचेही आभार या पत्रात असू द्यात. माणूस पडलेला असताना त्याचं नाव घ्यायला मोठं मन लागतं.

वजन तुम्ही उतरवलंत, पण पूर्वीची धाव परत येणार नव्हती, आणि त्यावर तुम्ही काढलेला तोडगा वय झालेल्या प्रत्येक फॉरवर्डनं अभ्यासावा. पन्नास यार्ड पळणं सोडलं. शेवटच्या वीस यार्डांत जागा धरायची, डावा पाय मोकळा राहील असं उभं राहायचं आणि पाय थोडाच मागे नेऊन मारायचं, म्हणजे गोलीला अंदाज बांधायला वेळ मिळत नाही. 18 मे 1960, ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, युरोपियन कपची अंतिम लढत, आइनट्राख्ट फ्रँकफुर्टविरुद्ध 7–3. चार गोल तुमचे, तीन माद्रिदमधल्या तुमच्या साथीदाराचे, डी स्टेफानोचे. 1962 च्या अंतिम लढतीत बेन्फिकाविरुद्ध पूर्वार्धातच तीन गोल केलेत, तरी संघ 5–3 नं हरला. स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोलांचा मान चार वेळा मिळाला.

तो मान पहिल्याच मोसमात मिळू शकला असता. शेवटच्या सामन्यात तुम्ही आणि डी स्टेफानो बरोबरीत होता, गोल समोर उघडा होता, आणि तुम्ही चेंडू त्याला दिलात, असं फुटबॉलवाले सांगत आले आहेत. नवख्या संघात जम बसवताना आधीच्या राजाचा मान राखणं याला चलाखी म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही. दीड वर्ष कुणी विचारलं नाही अशा माणसाला एकेक गोल किती मोलाचा असेल! तो देऊन टाकणं हा सभ्यपणाच. आमच्या मैदानांवर गोल कुणाच्या नावावर लागला यावरून मुलं भांडतात, त्यांचे पालक त्याहून जास्त.

नंतरही तुम्ही देतच राहिलात. 1971 साली प्रशिक्षक म्हणून ग्रीसच्या पानाथिनाइकोस क्लबला युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलंत, तोही वेम्बलीलाच. साठी ओलांडल्यावर ऑस्ट्रेलियात साउथ मेलबर्नच्या पोरांना शिकवलंत, ग्रीक बोलत, आणि 1991 मध्ये त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलंत. त्या संघाचा कर्णधार अँज पोस्टेकोग्लू तुम्हाला आपल्या गाडीतून ने-आण करायचा. पुढे तो स्वतः मोठा प्रशिक्षक झाला. त्याचे संघ आक्रमक खेळतात, आणि त्याचं श्रेय तो मोकळेपणानं तुम्हाला देतो.

आमच्याकडच्या एकपायी, बुटक्या पोरांच्या वतीनं माझेही तेवढेच आभार घ्यावेत.

आपला,
मुलांना फुटबॉल शिकवणारा एक प्रशिक्षक