किलोचा भाव काय, तेवढं छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या किराण्याचं बजेट कसं सांभाळायचं यावर पानभर लेख आला होता, मी दोनदा वाचला आणि कात्रण काढून ठेवलं. यादी करा, यादीबाहेरचं घेऊ नका, ऑफर बघून हुरळून जाऊ नका, सगळं बरोबरच आहे. पण आमच्याकडे यादी होतीच की. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं मी दर महिन्याला यादी करतेय, आणि तरी गेली दोन-तीन वर्षं पैसे पुरेनात, पंचवीस तारीख आली की क्रेडिट कार्ड काढावं लागायचं. का, ते आम्हाला आत्ता कुठे कळलं. माझ्यासारख्या बऱ्याच जणींचं हेच होत असणार म्हणून लिहिते आहे, आणि तुमच्याकडे एक मागणं पण आहे, ते पुढे सांगते.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. घरात सहा माणसं, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सासरे माथाडी कामगार होते, आधी मशीद बंदरला आणि मार्केट इकडे वाशीला आल्यावर इकडे, दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात. शंभर-शंभर किलोच्या गोण्या पाठीवर वाहिलेला माणूस, आता ७२ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत पण हात अजून पक्का. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो.

बजेट आम्ही १४,००० रुपये ठरवलं होतं, किराणा, भाजी, फळं, दूध सगळं धरून. जायचे मात्र १९-२० हजार. मी आणि मिस्टर दर महिन्याला एकमेकांशी वाद घालायचो, की महागाई वाढली, की तू जास्त आणतेस, की मुलांचे लाड फार. तात्या एक दिवस म्हणाले, आगं आधी लिव्हा तरी, मग भांडा. मग जून महिना पूर्ण लिहिला. वही स्वयंपाकघरातच ओट्याच्या बाजूला खिळ्याला टांगली, पेन दोऱ्याने बांधलं, घरात पाच रुपयांची कोथिंबीर आली तरी ज्याने आणली त्याने लिहायची असा नियम केला.

महिनाअखेरीला बेरीज मारली. यादीचा किराणा ६,२४० रुपये. भाजी आणि फळं ३,४१०. दूध रोज दीड लिटर, ६६ रुपयांनी महिन्याचे २,९७०. हे तिन्ही मिळून झाले १२,६२०, म्हणजे बजेटच्या आतच! आणि खाली चौथी ओळ होती, मधलंमधलं मागवलेलं, ६,७८०. एकूण १९,४००. मी ती बेरीज तीनदा करून बघितली.

म्हणजे आमची यादी चुकतच नव्हती. चुकत होतं ते यादी संपल्यावरचं. एका महिन्यात २३ वेळा दहा मिनिटांत येणाऱ्या ॲपवरून सामान आलं होतं. संध्याकाळी साडेसात वाजता घरात शिरायचं, घरातलं आलं संपलंय म्हणून ॲप उघडायचं, नुसतं आलं मागवलं तर डिलिव्हरीचे पैसे लागतात म्हणून फ्री डिलिव्हरीचा आकडा गाठायला बिस्किटं टाकायची, धाकटा मांडीवर बसून वेफर्स टाकायला लावणार, झालं, वीस रुपयांच्या आल्यासाठी सव्वादोनशे गेले. त्या २३ बिलांत नुसते हँडलिंग, छोट्या ऑर्डरचे, पाऊस आहे म्हणून जास्तीचे असले चार्जेस मी वेगळे काढले तर ५१२ रुपये भरले. तेवढ्यात आमच्या घरी तीन किलो तूरडाळ आली असती. आणि हे फक्त आमच्याच घरात नाही. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत आलंय की शहरात माणसाच्या महिन्याच्या खर्चातला जवळपास ४० टक्के खाण्यापिण्यावर जातो आणि त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा धान्य-डाळीचा नाही, पेयं आणि तयार खाण्याचा आहे, एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास. हॉटेलातलं वगैरे त्यातच धरलंय, पण तरी पाकीट फोडून खायचं किती वाढलंय ते आपल्याला आपल्याच कचऱ्याच्या डब्यात दिसतं.

पण ॲपला एकट्याला दोष देऊन मी थांबले असते तर मला हे पत्र लिहायची गरज नव्हती. खरी गोष्ट तात्यांनी दाखवली.

जुलैत मी तेल आणलं, नेहमीची १४५ रुपयांची पिशवी नव्हती म्हणून दुसऱ्या कंपनीची १३९ ची आणली. सहा रुपये वाचले म्हणून मी खूश होते. तात्या ओट्याशी आले, घरात आधीची एक न फोडलेली पिशवी होती ती एका हातात घेतली आणि नवीन दुसऱ्या हातात, क्षणभर नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो लिटर न्हाय गं पोरी." मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. आधीच्या पिशवीवर एक लिटर, ९१० ग्रॅम. नवीनवर ८५० ग्रॅम. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या तर उंची तीच, रुंदी तीच, चित्र पण तसंच सूर्यफुलाचं. मी कॅल्क्युलेटर घेतला. १४५ ची पिशवी पडली किलोला १५९ रुपये, आणि १३९ ची पडली किलोला १६३ रुपये ५० पैसे. स्वस्त म्हणून घेतलेली महाग निघाली!

आता यात कोणी कायदा मोडलेला नाही हे मी मुद्दाम सांगते, कारण वजन पाकिटावर छापलेलं होतंच. पूर्वी तेल, चहा, पीठ असल्या वस्तू ठरावीक वजनाच्याच पॅकमध्ये विकायचं बंधन होतं, ते मधे काढून टाकलं, त्याच्या बदल्यात नियम आला की पाकिटावर एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत छापायची, आणि जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचं आहे. मला वाटलं चला, हे तर आपल्यासारख्यांसाठीच केलंय. म्हणून मी दोन्ही पिशव्यांवर ती किंमत शोधली. एक किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा भाव छापायचा, आणि तो दोन दशांशांपर्यंत. म्हणजे एका पिशवीवर होतं ०.१६ रुपये प्रति ग्रॅम, आणि दुसऱ्या पिशवीवर पण ०.१६ रुपये प्रति ग्रॅम. किलोमागे चार रुपयांचा फरक त्या राउंडिंगमध्ये नाहीसा झाला. अकाउंट्सला असून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, तर ज्या बाईला दुकानात मागे लाइन लागलेली असताना लहान मूल कडेवर घेऊन पाकीट निवडायचंय तिने काय करायचं? ग्राहकासाठी नियम केलाय तर ग्राहकाला वाचता येईल असा करा, किलोचा भाव छापा, लिटरचा छापा, ग्रॅमचा पैशातला भाव कोण लक्षात ठेवणार आहे!

तेलाचंच अजून एक. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरच्या देशांतून आणतो. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावरचं आयात शुल्क वाढलं आणि भाव चढले, मग मे २०२५ च्या शेवटाला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्के केलं, तेल स्वस्त होणार अशा बातम्या आल्या. आमच्या घरात ते स्वस्त झालं का? मला सांगताच आलं नाही. कारण शुल्क उतरायच्या आधी घेत होते ती पिशवी ९१० ची होती का ८५० ची हेच आठवेना. पिशवीची किंमत आठवत होती, तेलाचा भाव माहीत नव्हता.

आणि मला वाटतं आपलं सगळ्यांचं हेच झालंय. मी ऑफिसात डबा खाताना सहज विचारलं, तूरडाळ काय किलो चालू आहे? आम्ही सहा जणी होतो. प्रत्येकीला आपलं शेवटचं बिल किती झालं ते आठवत होतं, डिस्काउंट किती मिळाला ते पण आठवत होतं, किलोचा भाव एकीनेच सांगितला, आणि ती पण आईबरोबर राहणारी. आमच्या सासूबाई चौथी शिकल्यात पण त्यांना साखरेपासून खोबऱ्यापर्यंत सगळ्याचे भाव तोंडपाठ असायचे, दोन रुपये वाढले की त्या महिन्यात लाडू कमी आणि चिक्की जास्त. उन्हाळ्यात कांदा उतरला की गोणी घेऊन गॅलरीत पसरायच्या, कारण उन्हाळी कांदा टिकतो, पावसाळ्यानंतर येणारा लाल टिकत नाही. त्यांना बजेट हा शब्द माहीत नव्हता, भाव माहीत होते.

भाजीचं पण तसंच. आमच्या सेक्टरात गाडीवर भाव विचारला की भाजीवाले सांगतात तीस रुपये. ते पावाचे असतात. म्हणजे १२० रुपये किलो. तीस ऐकलं की काही वाटत नाही, १२० ऐकलं असतं तर मी त्या दिवशी मटकी भिजवली असती. मी भाजीवाल्यांना नाव ठेवत नाही, पहाटे तीनला मार्केटला जायचं, टेम्पोचं भाडं, हमाली, पावसात निम्मी मेथी सडते, आणि लोक पावशेर पावशेर घेतात तर पावाचाच भाव सांगणार. पण किलोचा भाव दोन्ही बाजूंना माहीत असला तर बोलणं तरी सरळ होतं.

पाकिटाचं धान्य आणि सुटं धान्य यातला फरक पण तात्यांनीच समजावला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पाकिटातल्या तांदूळ, गहू, पीठ, डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही, आणि २५ किलोच्या वरच्या गोणीवर पण नाही. आम्ही आता शेजारच्या दोन घरांबरोबर ३० किलोची कोलमची गोणी घेतो आणि वाटून घेतो. ज्यांना परवडतं, घरात जागा आहे, त्यांनी करून बघावं.

बाकी आम्ही फार काही केलेलं नाही. फ्रिजवर कागद लावलाय, मधे काही संपलं की त्यावर लिहायचं आणि शनिवारी एकदाच आणायचं. भाजीचे आठवड्याचे ८०० रुपये रोख स्टीलच्या डब्यात ठेवतो, भाजीला यूपीआय बंद केलंय, कारण डब्यात शंभराची शेवटची नोट दिसली की हात आपोआप थांबतो, फोनमध्ये तसं काही दिसत नाही. पहिला महिना मुलांनी कटकट केली. ऑगस्टमध्ये सगळं मिळून १५,१०० वर आलो. अजून १,१०० जास्त आहेत, आणि गणपती, दिवाळीत परत वाढणार हे मला माहीत आहे.

तर संपादक साहेब, मागणं असं आहे. तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर बाजारभाव येतात, पण ते घाऊक आणि क्विंटलचे. शेतकऱ्याला ते लागतातच, ते बंद करू नका. त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा, दहा-बारा रोजच्या वस्तूंचे किरकोळ भाव छापाल का? तूरडाळ, चणाडाळ, तांदूळ, गहू, साखर, शेंगदाणे, तेल, कांदा, बटाटा, टोमॅटो, बस. सगळे किलोचे. एक भाव वाशी-कोपरखैरण्याचा, एक ठाण्यात जांभळी नाक्याचा, आणि शेजारी एपीएमसीचा, म्हणजे वाशीच्या बाजार समितीचा घाऊक भाव पण किलोतच. एवढी मोठी मंडई आमच्या दाराशी आहे, रात्रभर ट्रकचे आवाज येतात, आणि त्यात काय भावाने काय आलं ते आम्हाला कळत नाही, हे बरोबर नाही ना. मागच्या महिन्यात तात्यांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं भेंडी आज २८ रुपये किलोने गेली, आमच्याकडे त्याच संध्याकाळी वीस रुपये पाव होती. हे कोणाशी भांडायला नको आहे, घेताना अंदाज असावा म्हणून हवंय.

आणि पाकिटावर किलोचा भाव मोठ्या अक्षरात यावा, दुकानात रॅकवरच्या पट्टीवर पण यावा, हा विषय तुमच्या पेपरने वैधमापनच्या, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आणि ग्राहक खात्याकडे लावून धरावा अशी विनंती आहे. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतो, पण तिथे तक्रार काय करणार, नियम तर पाळलेला आहे.

किरकोळ भाव गोळा करायला माणूस कुठून आणायचा अशी अडचण असेल तर आमचे तात्या दर गुरुवारी सकाळी मार्केटला जुन्या लोकांना भेटायला जातातच, येताना सेक्टरातल्या चार दुकानांत पण विचारून येतात आणि सगळं वहीत लिहितात. गेल्या नऊ आठवड्यांचे भाव आमच्याकडे लिहिलेले आहेत. तुम्हाला हवे असतील तर झेरॉक्स काढून आणून द्यायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई